उफराटी खळ

सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व लहानथोर, आजीमाजी, उभ्या असलेल्या आणि आडव्या झालेल्या नागरिकांस या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, ऐन मे महिन्यात, भर दुपारी, आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात, मान्यवरांच्या उपस्थितीत, चमचाभर पातळ पदार्थ घट्ट झाला. कोणतीही जीवितहानी नाही. परिस्थिती नियंत्रणात आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.

हे निवेदन मी जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, संध्याकाळी फिरायला निघालेल्या मंडळींसमोर, दोन्ही हात मागे बांधून, घसा खाकरून सादर केलं. मग एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, "एवढंच?"

एवढंच! ज्याने आयुष्यात कधी काही घट्ट व्हायची वाट पाहिली नाही, तोच असं विचारू शकतो. त्या चमचाभर पदार्थावर एका मुलीची चार वर्षं टांगलेली होती. तो घट्ट झाला नसता तर गेलं सगळं. आणि नको त्या वेळी घट्ट झाला तरी गेलं सगळं. झालं काय, की तो नको त्या वेळीच घट्ट झाला. पण थांबा, मुळापासून सांगतो. मुळापासून सांगायची मला खोड आहे, आणि ती समोरच्याने सोसायची असते.

मी त्या विभागात प्रयोगशाळा परिचर आहे. काचेची भांडी धुणं, बाटल्यांना चिठ्ठ्या डकवणं, मुलांनी ॲसिड सांडलं की आधी ओरडणं आणि मग पुसणं, हे माझं काम. माझ्या हातून आजवर किती चंचुपात्रं फुटली ते मी सांगणार नाही. ते विभागाचं गुपित आहे.

जन्माने मात्र मी खळीतला माणूस. आमच्या घरी घोंगड्या विणायचे. लोकरीचे उभे धागे मागावर चढवण्याआधी त्यांना खळ द्यावी लागते, नाहीतर ते विणताना पिंजतात आणि तुटतात. घोंगडीची खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, वरची तपकिरी टरफलं काढायची, आतली पांढरी डाळ भिजवून वाटायची आणि शिजवायची. ती शिजली की चुलीवरून उतरवून घोंगडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून ठेवायची, कारण गारठली की तिच्या गाठी होतात आणि धाग्याला लागत नाही. लहानपणी आमच्या घरात दोन गुन्हे मोठे होते. एक खोटं बोलणं, दुसरा खळ गारठू देणं. पहिल्याला कधीकधी माफी मिळायची.

आता ही मुलगी. मोडनिंबची. पीएच.डी.साठी आमच्या विभागात आली तेव्हा खांद्याला एवढी मोठी बॅग, डोळ्यांवर चष्मा आणि चालणं असं, की जणू जिल्हाधिकारी तपासणीला आल्यात. पहिल्याच आठवड्यात तिने फ्रीजमध्ये एक छोटी बाटली ठेवली आणि तिच्यावर चिठ्ठी डकवली: 'हात लावू नये.'

मला सांगा, अशी चिठ्ठी वाचल्यावर माणूस काय करणार?

मी बाटली उघडून आतल्या पाण्यासारख्या पातळ पदार्थाचा वास घेतला. वास ओळखीचा. चिंचोका! माझं काळीज कळवळलं. अरेरे, म्हटलं, शिकलेली पोर, पण कोणी सांगितलेलं दिसत नाही. चिंचोक्याची खळ, आणि ठेवलीय कुठे, तर फ्रीजात! मी ताबडतोब बाटली बाहेर काढली, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवली, वरून माझा गळ्यातला पंचा गुंडाळला आणि पुण्यकर्म केल्याच्या समाधानात चहाला गेलो.

परत येऊन पाहतो तर बाटलीतलं पाणी गायब. त्या जागी पांढरं, खरवसासारखं काहीतरी बसलेलं. बाटली उलटी केली. हलेना. ठोकली. हलेना. माझ्या कपाळावर घाम. पहिल्याच आठवड्यात मी पोरीचं संशोधन मारलं होतं, आणि तेही मायेने!

मग मी कोणताही जबाबदार सरकारी कर्मचारी जे करील ते केलं. बाटली जिथल्या तिथे फ्रीजात ठेवली, दार लावलं आणि लांब जाऊन भांडी घासत बसलो.

अर्ध्या तासाने हळूच दार उघडलं. बाटलीत पुन्हा पाणी. स्वच्छ, पारदर्शक, काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने.

वाचक हो, मी हादरलो. गुन्हा पचला याचा आनंद बाजूलाच राहिला. आमच्या सात पिढ्यांचा कायदा त्या बाटलीने मोडला होता. गार केल्यावर पातळ आणि ऊब दिल्यावर घट्ट? मी ते पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कोमट पाणी करायचाही धीर नव्हता, म्हणून बाटली सरळ काखेत धरली आणि डोळे मिटून उभा राहिलो. त्याच वेळी ती आली.

"काका, काय करताय?"

"ताप बघतोय."

"कोणाचा?"

"बाटलीचा," मी म्हणालो. दुसरं काही सुचेचना.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "किती वेळात बसलं?"

"आँ?"

"काखेत धरल्यापासून घट्ट व्हायला किती वेळ लागला?"

"पानाचा विडा तोंडात विरघळतो ना, तेवढा."

तिने वही काढली. "विडा नको, काका. मिनिटात सांगा." आणि तिने घड्याळ लावून मला पुन्हा बाटली काखेत धरायला लावली. त्या दिवसापासून मी त्या संशोधनाची मानद काख झालो, आणि आजही हे पद मी अभिमानाने मिरवतो.

तिने मला समजावून सांगितलं ते असं. बाटलीत दोन प्रकारच्या लांबच लांब साखळ्या आहेत. एक चिंचोक्यातली, झाडाने बनवलेली. दुसरी प्रयोगशाळेत बनवलेली. पाणी गार असतं तेव्हा दोन्ही साखळ्या पाण्याला बिलगून राहतात, म्हणून सगळं पातळ. बत्तीस-चौतीस अंशांच्या पुढे गेलं की त्यांना पाण्याची संगत नकोशी होते आणि त्या एकमेकींच्या गळ्यात पडतात. त्यांचं जाळं होतं आणि उरलेलं पाणी त्या जाळ्यात अडकतं. पुन्हा गार केलं की जाळं सुटतं.

"म्हणजे उन्हाळ्यात पाण्याशी भांडण आणि थंडीत पुन्हा गोडीगुलाबी," मी म्हणालो.

"हो. आणि माणसाचं अंग सदतीस अंश असतं. म्हणजे यात औषध घालून ते सुईतून पातळ सोडायचं. आत गेलं की अंगाच्या उबेने तिथेच घट्ट बसतं आणि औषध हळूहळू सोडत राहतं. साखरेच्या आजारात पायाला जखम होते ना, कोपऱ्याकोपऱ्यांची, पट्टी नीट बसत नाही? तिथे हे ओतायचं. जखमेच्या आकाराचं होऊन बसेल."

मी गप्प झालो. मी गप्प झालो ही स्वतंत्र बातमी आहे, पण त्यावर निवेदन काढत नाही. आमच्या घराण्याने ज्या चिंचोक्याने लोकर आवळली, त्याच चिंचोक्याने ही पोर जखम भरायला निघाली होती.

पण गाडी अडली. प्रयोगशाळेतली साखळी शिस्तीची, ठरल्या अंशाला बरोबर घट्ट होणारी; पण एकटी असली की आकसते, पाणी पिळून बाहेर टाकते आणि ठिसूळ पडते. तिला धरून ठेवायला चिंचोका हवा. तो पाणी सोडत नाही आणि ओल्या जागी चिकटून राहतो. पण चिंचोका हा झाडाचा माल. त्याच्या साखळीला बाजूने बारीक फांद्या असतात. डाळिंबाची छाटणी करतात तशी त्या फांद्यांची एन्झाइम घालून छाटणी करावी लागते. कमी छाटलं तर कितीही तापवा, बसत नाही. जास्त छाटलं तर फ्रीजातसुद्धा बसून राहतं. ती छाटायची अगदी नेमकं, पण बाजारातून आणलेली चिंचोक्याची पावडर दरवेळी निराळी वागायची. एक पुडा तीस अंशांना बसला, दुसरा चाळीसला, तिसरा बसलाच नाही. असेच आठ महिने गेले. पोरीचं जिल्हाधिकाऱ्यासारखं चालणं तलाठ्यासारखं झालं.

एके दिवशी मी त्या पुड्यातली चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली.

"काका! खाताय काय!"

"अर्धे चिंचोके करपलेत," मी म्हणालो, "आणि अर्धे कच्चे. हे भाजणाऱ्याला भाजता येत नाही. उद्या माझ्याबरोबर कुंभारीला चल."

कुंभारीला माझी अक्का राहते. थोरली बहीण. साठी उलटली तरी तिच्या घरच्या मागावर अजून वर्षाकाठी मोजक्या घोंगड्या होतात आणि त्यांची खळ ती स्वतः करते. दुसऱ्या कोणी ढवळण्याला हात लावला तर त्याच ढवळण्याने फटका देते. मी पोरीच्या स्कूटीवर मागे बसून गेलो. अक्का दारातच उभी.

"आलास? आज कोण मेलं?"

"कोण मेलं न्हाय, अक्का. ही पोरगी चिंचोक्यावर पीएच.डी. करतीया."

अक्काने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "घरात चिंच हाय का?"

"आहे की. बांधाला दोन झाडं आहेत मोडनिंबला," मुलगी म्हणाली.

"मग तिथनं उटून सोलापूरला कशाला आलीस चिंचोक्यापायी?"

मी मध्ये पडून सगळं सांगितलं. साखळ्या, जाळं, जखम. अक्काने मान डोलावत ऐकलं, पण गार झाल्यावर पातळ होते म्हणताच तिची मान थांबली.

"गारठल्यावर पातळ?"

"व्हय."

"आन तापली की घट?"

"व्हय, अक्का. डोळ्यानं बघितलंय. काखेत धरून."

"आरं, मग ती खळ न्हवं, भुताटकी हाय!" असं म्हणून तिने तीन वेळा थुंकल्यासारखं केलं. आणि मग, हेच मला तिचं आवडतं, दुसऱ्याच श्वासाला विचारलं, "किती चिंचोकं लागत्यात?"

त्यानंतर ती पोर दर पंधरा दिवसांनी कुंभारीला जाऊ लागली. अक्का चिंचोके तापलेल्या वाळूत भाजते. पोरीने वाळूत तापमापक खुपसला. अक्का म्हणाली, "काय टोचतीस तिला?" पोरीने घड्याळ लावलं. अक्का म्हणाली, "घड्याळाला भाजाय येतं व्हय?" कारण अक्का भाजणं थांबवते ते कानाने. चिंचोके आधी टिच-टिच फुटल्यासारखे वाजतात. मग आवाज बसका होतो, टप-टप. आणि तो बदलला की अक्का कढई उतरवते. जुने चिंचोके लवकर, नवे उशिरा. म्हणून वेळ कधी सारखी येत नाही आणि भाजणं मात्र दरवेळी सारखं येतं. पोरीने शेवटी मोबाइलवर तो आवाजच रेकॉर्ड केला. मी प्रयोगशाळेत भांडी धुताना ती कानाला यंत्र लावून चिंचोक्यांचं गाणं ऐकत बसलेली असायची.

आणि माल एकसारखा येऊ लागला. ती पावडर छाटली, मिसळली, तापवली, की चौतीसच्या आसपास बसलीच. महिन्यामागून महिने. प्रत्येक खेपेला ती बाटली उलटी करायची, काही पडायचं नाही, आणि आम्ही दोघं क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखे ओरडायचो. शेजारच्या वर्गातले भौतिकशास्त्राचे सर वैतागून दार लावून घ्यायचे.

प्रबंध झाला. तपासायला बाहेरगावच्या एका सरांकडे गेला. समुद्राकाठच्या मोठ्या शहरातले, मोठे जाणकार. त्यांनी अहवालात लिहिलं की प्रबंध चांगला आहे, पण नैसर्गिक माल वापरून दरवेळी एकच तापमान येतं हे पटणं अवघड. तोंडी परीक्षेच्या वेळी माझ्यासमोर करून दाखवा, नाहीतर हे प्रकरण काढून पुन्हा काम करा.

पुन्हा काम म्हणजे आणखी वर्ष-दीड वर्ष. आणि पोरीची मुदत जुलैत संपत होती. म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. चार वर्षं एका बाजूला, चमचाभर खळ दुसऱ्या बाजूला.

परीक्षेचा दिवस मे महिन्यातला. आदल्या रात्री आठला आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर गेला होता. जनरेटर दोन वर्षांपासून दुरुस्तीत. सकाळी अकराला आम्ही तो फाटक्या रबराचा फ्रीज उघडला तेव्हा आतून ऊन ऊन वाफारा आला, जणू तंदूर उघडला. परीक्षेसाठी भरून ठेवलेल्या तिन्ही काचनळ्या उचलल्या. तिन्ही पांढऱ्या. उलट्या केल्या. हलेनात.

पोरीने नळ्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली. मार्गदर्शक मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल, सर आलेत."

सेमिनार हॉलमध्ये पंखे बंद. भिंतीवरच्या तापमापकात एक्केचाळीस. बाहेरचे सर घामाने डबडबलेले, रुमालाची घडी कपाळावर. मागच्या बाकावर, पोरीने स्वतः कुंभारीला जाऊन बोलावलेली, माझी अक्का. शाळूच्या पिवळ्या रंगाचं लुगडं, डोक्यावर पदर, पायाशी पिशवी. तिने खिडकीत, गरम वाऱ्याच्या तोंडावर, आपली पाण्याची बाटली ठेवली होती, ओल्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून.

सरांनी ट्रेकडे बघितलं. पुढचं संभाषण इंग्रजीत झालं, पण मी ते मराठीत सांगतो. माझं इंग्रजी ऐकण्यापेक्षा तुम्हाला ते बरं पडेल.

"तुमच्या प्रबंधात लिहिलंय, हा पदार्थ खोलीच्या तापमानाला द्रव असतो."

"हो, सर."

"हा द्रव आहे?"

पोरीने ट्रे मेजावर ठेवला.

आता परिचराने तोंडी परीक्षेत बोलू नये असा नियम आहे. लेखी नसेल, पण आहे. तरी माझ्या तोंडातून गेलंच, "सर, कोणाच्या खोलीच्या?"

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी करपलो. पण सर वळले. "म्हणजे?"

"म्हणजे सर, पुस्तकातली खोली पंचवीस अंशांची असते. मे महिन्यात सोलापुरात तशी खोली एकच, एटीएमची. आणि तिथे गार्ड बसू देत नाही." मी तापमापकाकडे बोट केलं. "ही खोली माणसाच्या अंगापेक्षा तापलीय. पदार्थ बरोबर वागलाय, सर. खोली चुकलीय."

सर हसले नाहीत. पण त्यांनी रुमाल खाली घेतला. "ठीक आहे. मग मला पंचवीस अंश दाखवा."

आणि इथे माझी नजर खिडकीकडे गेली. ओली घोंगडी, बाहेरून भाजणारी झळ. झळ जितकी कडक, तितकं ओल्या लोकरीतलं पाणी भराभर उडतं आणि आतलं पाणी तितकं गार होतं. रानात जाणारी माणसं हे जन्मापासून करतात आणि त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही.

मी धावत मागे गेलो. "अक्का, तुजी बाटली दे."

"का? तान लागली?"

"न्हाय ग, परीक्षेला पायजे!"

"माज्या पाण्याची परीक्षा?" ती कुजबुजली, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी कुजबुजली. "हिरीचं पाणी हाय. काय दोष काडतोय त्यो?"

मी उत्तर न देता ते पाणी बीकरमध्ये ओतलं. पोरीने तापमापक बुडवला. तिचा चेहरा मी बघत होतो. पारा खाली, खाली, खाली आला आणि थांबला. पंचवीसवर! पुस्तकातली खोली चार वर्षं आम्ही शोधत होतो, ती अक्काच्या बाटलीत होती.

पोरीचं चालणं परत आलं. तिन्ही नळ्या तिने त्या पाण्यात उभ्या केल्या. सर घड्याळ बघत होते, मॅडम डोळे मिटून होत्या, आणि मी चक्क देवाचं नाव घेत होतो, विज्ञानाच्या इमारतीत. सात-आठ मिनिटं झाली. पहिल्या नळीचा पांढरेपणा कडेने विरू लागला, धुकं उठावं तसा. मग दुसऱ्या नळीचा. मग तिसरीचा. तिने नळी तिरकी केली आणि आतलं पाणी सरकन सरकलं.

"आता सदतीस," सर म्हणाले.

सदतीस अंशांचं पाणी करायचं यंत्र विजेवर चालतं. पण आमच्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं, आणि ते त्या वेळी त्रेचाळीसला होतं. जगातली बाकीची माणसं सदतीस करायला पाणी तापवतात. आम्ही ते गार केलं. अक्काच्या उरलेल्या पाण्याची धार सोडून पोरीने ते सदतीसवर आणलं आणि नळ्या त्यात ठेवल्या.

सरांनी नळी स्वतःच्या हाताने बाहेर काढली. कोणाला उलटी करू दिली नाही. त्यांनी ती सरळ त्यांच्या समोर उघड्या असलेल्या प्रबंधावर, त्याच प्रकरणाच्या पानावर, धरली आणि उलटी केली.

एक थेंब पडला नाही.

त्यांनी नळी हलवली. बोटाने टिचकी मारली. मग दुसरी उलटी केली. मग तिसरी. तिन्ही नळ्यांत वेगवेगळ्या महिन्यांचा माल होता, तिन्ही एकाच वेळात बसल्या होत्या. माझा ऊर इतका भरून आला की शर्टाचं वरचं बटण सैल करावं लागलं. मी त्या नळ्या धुतल्या होत्या! त्याच्या आधी ती खळ माझ्या काखेत वाढली होती!

पण सर अजून समाधानी नव्हते. चांगला माणूस, पण जाणकार माणसाला पटकन समाधानी होता येत नाही. त्यांनी पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. इथे लिहिलंय की चिंचोके आवाज बदलेपर्यंत भाजले. रेकॉर्डिंग जोडलंय, आवाजाचा आलेख जोडलाय, ते ठीक. पण आवाज बदलला हे मुळात ठरवतं कोण? नेमका कुठला आवाज? जुन्या चिंचोक्याचा कुठला, नव्याचा कुठला? हे तुम्ही सांगू शकला नाहीत तर दुसरा कोणी हे करूच शकणार नाही.

पोर म्हणाली, "सर, मी आलेखावरून साधारण..." आणि अडली. कारण तिला खोटं बोलायचं नव्हतं. आलेख अजून अक्काच्या कानाइतका शहाणा झालेला नव्हता, हे तिला माहीत होतं. तिने मागे वळून बघितलं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. सर मागच्या बाकापर्यंत चालत गेले, गुडघ्यावर वही ठेवून पाऊण तास लिहीत बसले आणि पोरीकडून बाकापाशी ठेवलेल्या पिशवीतले भाजलेले व कच्चे चिंचोके आवाज ऐकायला एकेक करून मेजावर टाकून घेतले. अहवालावर त्यांनी सही केली, प्रकरण जसंच्या तसं ठेवलं, फक्त या आवाजांचं एक परिशिष्ट जोडायला सांगितलं. आज मोडनिंबच्या त्या घराच्या दारावर 'डॉ.' लागलेलं आहे आणि प्रबंधाच्या आभाराच्या पानावर सगळ्यांत पहिलं नाव कुंभारीचं आहे. माझं नाव चौथं आहे. मी तक्रार करत नाही. काखेला चौथा नंबर म्हणजे पुष्कळ झाला.

पण त्या क्षणी यातलं काहीच झालेलं नव्हतं. पोर वळून बघत होती, सर पेन उघडून वाट बघत होते, मॅडमनी श्वास रोखला होता. अक्काने माझी बाही ओढली. "काय इचारतोय त्यो?"

"चिंचोकं भाजल्याचं कसं कळतं, त्ये इचारतोय," मी कुजबुजलो. "पोरीला सांगता येईना झालंय."

अक्का उठून उभी राहिली. पदर सावरला. आणि त्या उकळत्या हॉलमध्ये, सगळ्या मान्यवरांच्या डोक्यांवरून, खणखणीत ओरडली:

"आवो सायेब, तिला कशाला छळताय? मला इचारा की! म्या हितंच बसलीया!"